पॅकर म्हणजे नेमका कोण? ९३२१ आणि त्याचे शेजारी

पगारपत्रकावर ‘हेल्पर’, हजेरीच्या वहीत ‘पॅकिंग’ आणि सर्वेक्षणाच्या फॉर्मवर ‘कारखान्यात कामाला’. माणूस तोच, काम तेच. पण या तीन कागदांवरून ज्याला पुढे व्यवसायाचा कोड टाकायचा असतो, त्याच्या हाती फारसं काही लागत नाही. ‘हेल्पर’ हा हुद्दा झाला, ‘पॅकिंग’ हा विभाग झाला, आणि ‘कारखान्यात कामाला’ तर गेटवरच्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळेच असतात. कोड ठरतो तो त्या माणसाचे हात पाळीभर काय करतात त्यावर.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणात, म्हणजे इस्को-०८ मध्ये, सगळ्यात खालच्या पातळीवर ४३६ गट आहेत. हाताने पॅकिंग करणाऱ्यांचा गट ९३२१. आकडा डावीकडून वाचत जायचा. ९ म्हणजे प्राथमिक स्वरूपाचे व्यवसाय, ९३ म्हणजे खाण, बांधकाम, उत्पादन आणि वाहतूक यांतले मजूर, ९३२ म्हणजे त्यातले उत्पादनातले मजूर आणि ९३२१ म्हणजे हाताने पॅकिंग करणारे. कामाचं वर्णन जेमतेम तीन ओळींचं आहे: माल हाताने तोलणं, गुंडाळणं, सीलबंद करणं, भरणं, बाटल्या, डबे, खोके, पिशव्या हाताने भरणं, आणि हाताने लेबल लावणं. बस.

या तीन ओळींत टेबलावरचं किती काम मावतं ते आधी पाहू, कारण कोडचे बहुतेक घोळ काम न पाहता कोड टाकल्यामुळेच होतात.

साधा पुठ्ठ्याचा खोका घ्या, वर चार आणि खाली चार फ्लॅपवाला. तळ बंद करताना आखूड फ्लॅप आधी आत दुमडायचे, लांब फ्लॅप नंतर. लांब फ्लॅपच्या कडा मधोमध एकमेकींना टेकतात आणि टेप त्या सांध्यावर बसते. क्रम उलटा झाला तर बाहेरून आखूड फ्लॅप येतात, मध्ये फट राहते आणि टेप नुसती दोन कडांना धरून हवेत लोंबते. असा खोका उचलला की तळातून माल खाली. टेप लावण्याआधी खोका काटकोनात आहे का ते बघायचं. तिरका बंद झालेला खोका भरताना जाणवत नाही, पण त्याच्या भिंती आधीच मुरडलेल्या असतात आणि थप्पीत सगळ्यात आधी तोच खचतो.

टेप साधारण ४८ मिमी रुंदीची. सांध्याच्या दोन्ही टोकांना ती भिंतीवर ५ ते ७ सेंमी उतरली पाहिजे. टेपचा चिकटा दाबावर चालतो, म्हणून टेप लावायची गन फिरवून झाल्यावर तळहाताने एकदा दाबून घेणं हा कामाचाच भाग आहे. घाईत नेमकी तीच पायरी गळते. टेप सुटण्याची दुसरी दोन कारणं: पुठ्ठ्यावरची धूळ, आणि गन ताणून लावलेली टेप. ताणलेली टेप आखडायला बघते आणि काही तासांत टोकाकडून उचलते. सकाळी पाहिलं तर खोका ‘आपोआप’ उघडलेला असतो.

भरणं. इथे मोजायचं नसतं, रचायचं असतं. २४ नग एक-दोन-तीन करत भरले तर गप्पांत, आवाजात, पाळी बदलताना आकडा हुकणारच. तेच ४ गुणिले ३ चे दोन थर ठरवून दिले की कमी पडलेला नग रिकाम्या खळग्यासारखा डोळ्यांत भरतो. थराची रचना टेबलासमोर चित्रात लावलेली असावी, आणि चित्र वरून पाहिल्यासारखं काढलेलं असावं, कारण पॅकर खोक्यात वरूनच बघतो. बाजूने काढलेली सुबक चित्रं भिंतीवर खूप दिसतात. कामाला येत नाहीत.

खोका किती भरायचा हाही प्रश्न आहेच. वरचे फ्लॅप दाबून बसवावे लागत असतील तर माल जास्त आहे; भिंती फुगतात आणि फुगलेली भिंत वजन पेलत नाही. वर मोकळी जागा राहिली तर थप्पीतला वरचा खोका झाकण आत दाबतो. खोक्याची ताकद मुख्यतः चार उभ्या कोपऱ्यांत असते. म्हणून पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीवर, कोपऱ्यावर कोपरा ठेवून रचलेली थप्पी विटांच्या बांधकामासारखी सांधे चुकवून रचलेल्या थप्पीपेक्षा बरंच जास्त वजन धरते. सांधे चुकवलेली थप्पी हलत नाही म्हणून ती बऱ्याच जणांना आवडते, पण त्यात वरच्या खोक्याचा कोपरा खालच्या खोक्याच्या भिंतीच्या मधल्या, कमकुवत भागावर येतो. खालचे खोके पाच थरांच्या पुठ्ठ्याचे (फाइव्ह-प्लाय) असोत की तीन थरांच्या (थ्री-प्लाय), नियम तोच. दमट हवेत तर पुठ्ठा आणखी मऊ पडतो.

आता वजन. भरलेला खोका काट्यावर ठेवून कमी नग पकडायचे ही पद्धत छान आहे, पण ती कुठे चालते आणि कुठे नुसतं समाधान देते हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही. ८५ ग्रॅमचे २४ नग आणि ३१० ग्रॅमचा खोका धरा. एकूण २,३५० ग्रॅम. प्रत्येक नग ३ ग्रॅमने इकडेतिकडे होत असला, तरी २४ नगांत जास्त-कमी एकमेकांत भागून जातं आणि एकूण फरक साधारण १५ ग्रॅम राहतो. खोक्यांच्या आपसातल्या फरकाचे आणखी १५ धरले, तरी एक नग कमी असणं म्हणजे ८५ ग्रॅमचा खड्डा. काटा तो पकडणारच.

तेच ६ ग्रॅमची १४४ पाकिटं ४०० ग्रॅमच्या खोक्यात भरली तर? पुठ्ठा हवेतला ओलावा शोषतो. कोरड्या दिवसांतून दमट दिवसांत त्याचं वजन ५ टक्क्यांनी वाढणं काही विशेष नाही; म्हणजे २० ग्रॅम. तीन पाकिटं कमी असूनही काटा ‘बरोबर’ म्हणेल. रिकामा खोका दर वेळी टेअर केला, म्हणजे त्याचं वजन काट्यावर शून्य धरलं, तरी पाकिटांचा आपसातला फरक उरतोच: प्रत्येकी ०.३ ग्रॅम धरला तर १४४ पाकिटांत तो साडेतीन ग्रॅमच्या पुढे जातो. एक पाकीट सहा ग्रॅमचं, त्याचा निम्मा तीन, आणि फरक त्याहून मोठा. निर्णयाची रेषा कुठे आखणार? उपाय मास्टर कार्टनवर, म्हणजे बाहेरच्या मोठ्या खोक्यावर नाही, इनरवर, म्हणजे आतल्या छोट्या डबीवर आहे. बारा-बाराचे छोटे इनर करायचे आणि एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर इनर तोलायचा. बारा पाकिटांचा फरक जेमतेम एक ग्रॅम, छोट्या डबीचा आणखी एक. ६ ग्रॅमची उणीव स्वच्छ दिसते. मग बारा इनर खोक्यात रचायचे, तिथे डोळा पुरतो.

पिशवी सील करायची असेल तर हाताने किंवा पायाने दाबायचा इम्पल्स सीलर असतो. त्याच्या बटणावर बहुतेक वेळा तापमान नसतं, वेळ असते: तार किती वेळ तापवायची. सलग काम केलं की पट्टी गरम राहते, आणि सकाळी जमलेल्या त्याच आकड्यावर तासाभरात सील जळायला लागतं. म्हणून आकडा एकदा लावून विसरून चालत नाही. सील फसण्याची कारणं ठरलेली: तोंडाशी भुकटी अडकणं, प्लास्टिकला चुणी पडणं आणि जबडा लवकर उघडणं. गरम सील अजून मऊ असतं. सीलरचा दिवा विझल्यावर सेकंद-दोन सेकंद दाबून धरलं नाही तर पिशवीतल्या वजनानेच ते ताणलं जातं. चुणी सगळ्यात फसवी. वरून सील पूर्ण दिसतं आणि चुणीच्या बारीक नळीतून हवा आत-बाहेर करत राहते. पिशवी दाबून कानाशी धरली की फुसफुस ऐकू येते.

लेबलचा घोटाळा चुकीचं लेबल छापल्याने क्वचित होतो. बहुतेकदा तो टेबलावर मागच्या बॅचची चार लेबलं शिल्लक राहिल्याने होतो. बॅच बदलताना टेबल, ड्रॉवर, टेबलाखालची जमीन आणि ॲप्रनचा खिसा, सगळं रिकामं करायचं, आणि मग हिशेब: दिलेली लेबलं बरोबर लावलेली अधिक खराब झालेली अधिक परत केलेली. हा हिशेब जुळला नाही तर पुढची बॅच सुरू करायची नाही. औषधांच्या पॅकिंगमध्ये हे सक्तीचं असतं. बाकीच्यांनीही उचलण्यासारखं आहे.

हे सगळं कोडच्या भाषेत ‘वजन करणे, भरणे, लेबल लावणे’. चूक नाही, वर्गीकरणाचं काम तेवढंच आहे. गोंधळ सुरू होतो तो सीमेवर.

पहिली सीमा यंत्राची. पॅकिंग, बाटल्या भरणं आणि लेबल लावणं यांची यंत्रं चालवणाऱ्यांचा गट ८१८३. तो कौशल्याच्या दुसऱ्या पातळीवर, ९३२१ पहिल्या, म्हणजे सगळ्यात साध्या कामांच्या पातळीवर. मग टेप गन हे यंत्र झालं का? नाही, ते हत्यार आहे. पायाने दाबायचा सीलर, स्ट्रॅपिंगची पट्टी आवळायचं हातातलं टूल, हीही हत्यारंच. गती माणसाच्या हाताची असते. विचारायचा प्रश्न असा: वेग आणि सेटिंग कोण ठरवतं, यंत्र अडलं की ते कोण सोडवतं आणि पुन्हा जुळवतं? तेच ज्याचं मुख्य काम, तो ८१८३. स्वयंचलित लाइनच्या शेवटी उभं राहून पट्ट्यावरून येणारे डबे खोक्यात रचणारा माणूस यंत्राशेजारी असला तरी ९३२१ च. आणि लाइनला रिकामे खोके पुरवणारा, भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा, यंत्रात अडकलेला माल काढून साफसफाई करणारा ९३२९ मध्ये जातो, म्हणजे उत्पादनातल्या इतर मजुरांत. तिघं एकमेकांपासून दोन पावलांवर उभे, आणि तीन कोड.

पण माणूस तीन तास यंत्र चालवतो आणि पाच तास हाताने भरतो, असं असेल तर? तास मोजून ९३२१ टाकण्याचा मोह होतो. इस्कोचा नियम वेगळा आहे. एकाच नोकरीत वेगवेगळ्या कौशल्यपातळीची कामं असतील तर वरच्या पातळीच्या कामावरून कोड ठरवायचा. म्हणजे ८१८३. दुसरा नियम असा की उत्पादनाचं काम आणि त्याला जोडून येणारं विक्री-वाहतुकीचं काम एकाच्याच गळ्यात असेल, तर उत्पादनाला प्राधान्य. पाव भाजून विकणारा हा भाजणारा. त्याच न्यायाने सुटे भाग जोडून तयार वस्तू डबीत घालणारा माणूस आधी जोडणी कामगार, म्हणजे ८२१ च्या कुटुंबातला. जोडणीच्या टेबलांवर ‘पॅकिंग’ विभागाची पाटी असली की ही चूक घाऊक प्रमाणात होते.

बाकीचे शेजारी पटकन: नग तपासून प्रतवारी हेच मुख्य काम असेल तर ७५४३, फक्त खाद्यपदार्थ आणि पेयं सोडून. डिस्पॅचच्या नोंदी, आवक-जावक आणि साठ्याचा हिशेब ठेवणारा ४३२१. त्याच्या हातात काटा आणि लेबल दिसलं तरी तो कारकुनी कामात येतो. पॅकिंग विभागाचा सुपरवायझर ३१२२. गाडीत माल चढवणारा-उतरवणारा ९३३३, आणि तो तर ९३२ च्या बाहेर, वाहतूक-साठवणुकीच्या ९३३ मध्ये. ‘लाइन लीडर’ मात्र नावावरून सुपरवायझर धरू नका. दिवसभर तोही बरोबरीने भरत असेल आणि फक्त कोण कुठे उभं राहील एवढंच सांगत असेल, तर तो पॅकरच.

व्यवसाय आणि उद्योग यांची सरमिसळ हा आणखी एक जुना रोग. साबणाच्या कारखान्यात साबण खोक्यात भरणाऱ्याचा उद्योग ‘उत्पादन’. तोच साबण कंत्राटावर पॅकिंग करून देणाऱ्या कंपनीत भरला, तर त्या कंपनीचा उद्योग इसिक या उद्योग-वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत ८२९२, म्हणजे पॅकेजिंग सेवा, आणि तो उत्पादनात नाही तर प्रशासकीय आणि सहाय्यक सेवांच्या विभागात मोडतो. माणसाचा व्यवसाय दोन्हीकडे ९३२१. कारखान्याने पॅकिंग बाहेर दिलं की आकडेवारीत उत्पादनातली माणसं कमी होतात आणि सेवाक्षेत्रातली वाढतात; टेबल, खोका आणि टेप गन होती तीच.

देशादेशांच्या वर्गीकरणातही चौकटी वेगळ्या पडतात. एसओसी या अमेरिकेच्या व्यवसाय-वर्गीकरणात हाताने पॅकिंग करणारे ५३-७०६४, म्हणजे वाहतूक आणि माल हलवण्याच्या गटात. पॅकिंगचं यंत्र चालवणारे ५१-९१११, म्हणजे उत्पादनाच्या गटात. मुख्य गट पकडून तुलना केली तर हातपॅकर एका तक्त्यात सापडतात आणि दुसऱ्यात गायब होतात.

आता कोडच्या सुरुवातीचा तो ९. कौशल्याची पहिली पातळी म्हणजे कामं साधी, शारीरिक आणि ठरावीक. शिक्षणाची अट थोडी. एवढाच त्याचा अर्थ. कामाचा भार किती, हे त्यात मोजलेलंच नाही. तरी ‘९ ने सुरू होतो म्हणजे हलकं काम’ असा अर्थ सर्रास काढला जातो, म्हणून एक हिशेब मांडतो.

वजन उचलण्यासाठी अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचं १९९१ मध्ये सुधारलेलं सूत्र वापरतात. सुरुवात २३ किलोपासून होते आणि परिस्थिती जितकी वाईट तितकी वजावट. पॅकर कमरेच्या उंचीच्या, ७५ सेंमी टेबलावरून खोका उचलतो आणि पॅलेटच्या सर्वात खालच्या थरात ठेवतो. तिथे हात जमिनीपासून १५ सेंमीवर आणि घोट्यांपासून ४० सेंमी पुढे; कंबर ४५ अंशात वळलेली. हात लांब म्हणून गुणक ०.६२५, उंची कमी म्हणून ०.८२, साठ सेंमी खाली न्यायचं म्हणून ०.८९५, वळण्यासाठी ०.८५६. गुणाकार केला की २३ किलोचे ९ किलो उरतात. मिनिटाला ४ खोके आणि असं दोन तासांपेक्षा जास्त वेळ चालणार असेल तर वारंवारतेचा गुणक ०.४५. उत्तर: सुमारे ४ किलो. खोक्याला धरायला खाचा नसतील तर त्याहून कमी. आणि मास्टर कार्टन सर्रास दहा-बारा किलोचं असतं.

यात सोपी बचत पॅलेटखाली दुसरं पॅलेट घालून किंवा उंची बदलणारा स्टँड देऊन होते, आणि पॅलेट बाजूला न ठेवता समोर ठेवून होते. टेबलाचंही तसंच. उभ्याने करायच्या हलक्या कामात हात कोपरापेक्षा १० ते १५ सेंमी खाली असावेत. पण पॅकरचे हात टेबलावर नसतात, खोक्याच्या कडेवर असतात. कोपर १०५ सेंमीवर, म्हणजे हात ९० ते ९५ वर हवेत. खोका ३० सेंमी उंच, म्हणजे टेबल ६० ते ६५ सेंमी. प्रत्यक्षात जोडणीच्या कामाचं ९० सेंमीचं टेबल पॅकिंगला दिलेलं असतं, खोक्याची कड १२० वर जाते आणि पाळीभर खांदे उचललेले राहतात. टेबल बदलता येत नसेल तर खोका आपल्याकडे तिरका धरणारा लोखंडी उतार ठेवला तरी फरक पडतो. दर दोन तासांनी कामं बदलण्याची पद्धत चांगली, पण टेप गनवरून स्ट्रॅपिंगवर पाठवणं ही बदली नव्हे. मनगट तेच, ताण तोच. तिथून काट्यावर किंवा लेबलच्या हिशेबावर पाठवलं तर मनगटाला खरी विश्रांती.

जुनी आकडेवारी हाताळणाऱ्यांसाठी एक सापळा. इस्को-८८ या आधीच्या आवृत्तीतही ९३२१ होता, पण तो जोडणीच्या मजुरांचा. हाताने पॅकिंग करणारे तेव्हा ९३२२ मध्ये, उत्पादनातल्या इतर मजुरांच्या सोबत एकत्र होते. इस्को-०८ मध्ये पॅकर वेगळे काढून त्यांना ९३२१ दिला आणि उरलेले ९३२९ झाले. भारताच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात (एनसीओ) एनसीओ-२००४ जुन्या रचनेवर बेतलेलं आणि एनसीओ-२०१५ नव्या, त्यामुळे हाच घोळ तिथेही. दोन वर्षांच्या फाइली चार आकडी कोडवर जोडल्या तर जोडणी करणारे रातोरात पॅकर होतात. जुना ९३२२ तर आपोआप बदलताच येत नाही. त्यातला प्रत्येक माणूस पॅकर की इतर, हे मूळ फॉर्मवरचा मजकूर वाचूनच ठरवावं लागतं. ‘साबणाच्या वड्या हाताने खोक्यात भरतो, तोलतो, टेप लावतो’ असं लिहिलेलं असेल तर काम अर्ध्या मिनिटाचं. ‘हेल्पर, पॅकिंग विभाग’ एवढंच असेल तर चौथा आकडा देता येत नाही आणि नोंद ९३२ वरच थांबते.